डब्यातला कुलवृत्तांत

दिवाळीच्या आधी महिनाभर दुकानांच्या फळ्यांवर फराळाची पाकिटं दिसायला लागतात. अनारसे, चिरोटे, करंज्या, नानकटाई. त्यांवर एक ओळ हमखास छापलेली असते, 'आजीच्या हातची पारंपरिक चव'. त्या पाकिटांबद्दल माझी काही तक्रार नाही. गुडघ्यांनी असहकार पुकारल्यापासून मीही त्यातली दोन-चार आणते. पण आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवल्यामुळे एक खोड जडली आहे. 'पारंपरिक' म्हटलं की विचारावंसं वाटतं, कधीपासून? आणि 'आजीच्या हातची' म्हटलं की विचारावंसं वाटतं, कुठल्या आजीच्या? तिचं नाव काय?

आमच्या सासरच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापलेला आहे. जाड पुठ्ठ्याचं, वाळवीच्या तावडीतून दोनदा सुटलेलं पुस्तक. त्यात मूळ पुरुष आहे, कोकणातून घाटावर आल्याची हकिगत आहे, कोण मामलेदार कचेरीत होता, कोण वकील झाला, कोण निपुत्रिक वारला, हे सगळं पिढीवार दिलं आहे. बायकांच्या वाट्याला प्रत्येकी अर्धी ओळ. 'पत्नी अमुक, तमुकांची कन्या.' आणि ते 'अमुक' हे नाव सासरी आल्यावर ठेवलेलं. म्हणजे बाई ज्या नावाने आठ-दहा किंवा वीस वर्षं वाढली, ते नाव कागदावर कुठेच नाही. मुलींची तर लग्न झालं की गोष्टच संपते.

असो. पण त्याच घरात दुसरा एक कुलवृत्तांत होता, तो म्हणजे फराळाचा डबा. पुरुषांचा वंश एका गावात, एका आडनावात राहिला. चवीचा वंश तसा राहिला नाही. तो दर पिढीला नव्या गावाहून, नव्या आडनावाच्या मुलीबरोबर आला. रुखवतात मांडलेले लाडू, करंज्या, अनारसे म्हणजे एका अर्थी माहेरच्या स्वयंपाकघराने सासरच्या स्वयंपाकघराला लिहिलेलं पत्रच. 'आमच्याकडे असं करतात', ही त्या पत्रातली पहिली ओळ. आणि 'आमच्याकडे तसं नाही करत', हे त्याला आलेलं उत्तर. या दोन ओळींच्या भांडणातून जे उरलं, त्याला आपण 'आपल्या घरची पद्धत' म्हणतो.

आमच्याच डब्याकडे बघते. सासर साताऱ्याचं. आजेसासूबाई राजापूरकडच्या, सासूबाई बेळगावच्या, मी सोलापूरची, सूनबाई बडोद्याची. म्हणजे चार पिढ्यांत चार मुलूख.

आजेसासूबाई १९११ साली लग्न होऊन आल्या तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या. (मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदा ठरवणारा शारदा कायदा व्हायला अजून अठरा वर्षं होती.) आमच्या घरातले अनारसे त्यांचे. मला नेहमी प्रश्न पडे की नऊ वर्षांची पोर अशी कोणती विद्या घेऊन येणार? मग एकदा सासूबाईंनी उलगडा केला. 'विद्या नंतर आली गं. प्रत्येक बाळंतपणाला माहेरी जायच्या. दर खेपेला काहीतरी शिकून यायच्या.' आठ बाळंतपणं झाली, पाच मुलं जगली. अनारशासारखा अवघड पदार्थ आमच्या घरात आला तो या वाटेने. कुलवृत्तांतात त्या पाच मुलांची नावं आहेत. अनारशांचा उल्लेख अर्थातच नाही.

ज्यांनी अनारसे कधी केले नाहीत, त्यांच्यासाठी सांगते. जुना तांदूळ तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी उपसून सावलीत फडक्यावर पसरायचा. अगदी कोरडा होऊ द्यायचा नाही, हाताला गार लागला पाहिजे. मग कुटून बारीक चाळायचा. पिठाच्या वजनाइतका गूळ, चमचाभर तूप, मळून गोळा करून डब्यात पाच-सहा दिवस ठेवायचा. नंतर खसखशीवर थापून, खसखशीची बाजू वर ठेवून मंद तुपात सोडायचा. उलटायचा नाही, झाऱ्याने वर तूप उडवत राहायचं. जाळी पडली तर जमला. गूळ जास्त झाला किंवा पीठ फार आंबलं तर तो तुपात विरघळून पसरतो. त्याला आपल्याकडे 'अनारसा हसला' म्हणतात. अनारसा हसला की करणारीला रडू येतं! मग गोळ्यात थोडी कोरडी पिठी मिसळायची आणि पुन्हा एक सोडून बघायचा.

या शब्दांकडे जरा लक्ष द्या. अनारसा हसतो, करंजीचा खुळखुळा होतो, चिरोट्याला पदर सुटतात, चकलीला काटा येतो, पाक एकतारी, दोनतारी, गोळीबंद होतो. ही सगळी परिभाषा आहे. थर्मामीटर नव्हता तेव्हा साखरेच्या पाकाचं तापमान अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये मोजलं जाई, आणि ते बरोबर येई. एखाद्या शास्त्राची परिभाषा इतकी नेमकी असेल, तर ते घडवणाऱ्यांची डोकी तितकीच नेमकी असणार. फक्त त्या शास्त्राला कुणी शास्त्र म्हटलं नाही.

अनारशाचा मोठा मान अधिक महिन्यात. ३३ अनारशांचं वाण जावयाला द्यायचं. अधिक महिना साधारण साडेबत्तीस महिन्यांनी येतो म्हणून ३३, असं सांगतात. (२०२३ साली अधिक श्रावण आला होता, तेव्हाचं वाण मी विकतच्या पिठाचं केलं. जावईबापूंनी तक्रार केली नाही, गुणी आहेत.) करणारी सासू, शिकवणारी तिची सासू किंवा आई, आणि मान जावयाचा. चालायचंच.

सासूबाई १९४१ साली बेळगावहून आल्या आणि मांडे घेऊन आल्या. बेळगावचे मांडे प्रसिद्धच आहेत. हातावर फिरवत फिरवत वाढवलेली कागदासारखी पातळ पोळी, आत साखर-तूप, आणि भाजायची ती विस्तवावर पालथ्या घातलेल्या खापरावर. पदार्थ किती जुना, तर कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने सुमारे ११३० साली सिद्ध केलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात 'मंडक' आहे. आपल्या पोळीची पूर्वज 'पोलिका'सुद्धा तिथेच आहे. आणि मुक्ताबाईला खापर मिळू दिलं नाही तेव्हा ज्ञानदेवांनी जठराग्नी पेटवला आणि तिने त्यांच्या पाठीवर मांडे भाजले, ही कथा तर आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली. राजाच्या ग्रंथात पदार्थ आहे, करणारीचं नाव नाही. लोकांच्या कथेत मात्र करणारी नावानिशी आहे. मला ही कथा चमत्कारासाठी कधीच महत्त्वाची वाटली नाही. एका मुलीला खापर नाकारलं, एवढी साधी गोष्ट लोकांनी शेकडो वर्षं लक्षात ठेवली, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आमच्या घरातले मांडे मात्र संपले. सासूबाई ते वर्षातून एकदा करायच्या, १९६८पर्यंत. मग खांदा धरला. माझं लग्न त्यानंतर चार वर्षांनी. मी त्यांचं खापर पाहिलं, मांडे पाहिले नाहीत. 'मनातले मांडे' हा वाक्प्रचार मी वर्गात किती वेळा समजावून दिला असेल! आमच्या घरात तो शब्दशः खरा झाला. आठशे-नऊशे वर्षं टिकलेली गोष्ट एका घरातून चार वर्षांच्या फटीतून निसटते. परंपरा म्हणजे काही दगडी भिंत नव्हे. एकीच्या हातातून दुसरीच्या हातात देताना मध्ये कुणी नसेल, तर ती खाली पडते.

आता माझं. मी सोलापूरहून शेंगापोळी आणली. भाजलेल्या शेंगदाण्यांचं कूट आणि गूळ भरून लाटलेली खुसखुशीत पोळी, आठ-दहा दिवस टिकते. सासरी सगळे 'सोलापूरची पुरातन पोळी' म्हणत. पुरातन कसली! भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला. युरोपीय व्यापाऱ्यांची जहाजं सुरू झाल्यावर तो आपल्याकडे आला, आणि आपल्याकडे त्याची मोठ्या प्रमाणावर लागवड झाली ती १९व्या शतकात. म्हणजे माझ्या पणजीच्या पणजीने शेंगापोळी खाल्लीच नसणार, तिळाची खाल्ली असेल. पण कुणीतरी पहिल्यांदा तिळाच्या जागी दाण्याचं कूट भरून पाहिलंच की. ती बाई कोण, हे आता कळायचं नाही. आज जिला परंपरा म्हणतो ती तेव्हाची नवीन टूम होती, आणि तिच्या सासूने नक्कीच नाक मुरडलं असणार.

माझा दिवाळसण १९७२ सालचा. ज्यांना ते साल आठवतं, त्यांना जास्त सांगायला नको. सोलापूर जिल्ह्यात विहिरींनी तळ गाठला होता. रेशनवर लाल मिलो मिळत होता. माणसं, बायका, पोरं दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. (त्याच अनुभवातून पुढे महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली.) अशात पहिलावहिला जावई घरी येणार. आईने अनारसे केले ते मोजून अकरा. त्यातले पाच 'ह्यां'च्या ताटात, बाकीचे देवापुढे आणि आम्हा भावंडांत. तिने स्वतः खाल्ला नाही, हे मला पुष्कळ वर्षांनी धाकट्या बहिणीकडून कळलं.

त्या दुष्काळात कामांवरच्या मजुरांना आणि मुलांना सुकडी वाटत. भाजलेलं पीठ आणि गूळ. आमच्या आळीतली एक बाई कामावरून येताना आपल्या वाट्याची सुकडी पदरात बांधून आणायची आणि तिन्हीसांजेला मुलांना वाटायची. पुढे शाळेत दुष्काळाचा धडा शिकवताना मला हे सारखं आठवे. पीठ आणि गूळ माझ्या आईच्या कढईत पडले की त्याचा सण होई, तिच्या पदरात पडले की त्याचं जेवण होई. तिची मुलं आज साठीच्या पुढे असतील. त्यांच्या जिभेवर 'आईच्या हातची चव' म्हणून काय असेल? कदाचित ती सुकडीच असेल. घराण्याच्या गोडाधोडाचा इतिहास लिहिताना ज्यांच्या घरात तूप नव्हतं, त्यांचा इतिहास सुटता कामा नये, म्हणून हे लिहिलं.

आता नानकटाई. नातीची आवडती, म्हणून जरा सविस्तर.

'नान' म्हणजे फारसीत रोटी. 'खताई'चा संबंध 'खता' या उत्तर चीनच्या जुन्या नावाशी जोडतात. सुरतेत अशी हकिगत सांगतात की डच व्यापाऱ्यांसाठी पाव भाजणारी भट्टी पुढे दोटीवाला या पारशी कुटुंबाकडे आली. डच गेले, पाव खपेना, मग उरलेला वाळलेला पाव लोकांना आवडू लागला, आणि त्यातून सुधारत सुधारत नानकटाई झाली. हकिगत थोडी तिखटमीठ लावलेली असेल, पण एवढं खरं की ही मिठाई भट्टीतली, आणि भट्टी आपल्या घरात कधी नव्हतीच. आपलं सगळं गोडधोड तव्यावरचं, कढईतलं किंवा वाफेवरचं.

शिवाय भट्टीतल्या जिनसांना विटाळाची भीती चिकटलेली. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटांचा कार्यक्रम झाला. टिळक आणि रानडे दोघेही हजर होते. हजर राहिलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आली आणि गावात एकच गहजब झाला. प्रायश्चित्त घ्यायचं की नाही यावर पुढची दोन वर्षं वाद चालला, आणि शेवटी न्यायमूर्ती रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतलं. वर्गात हा प्रसंग सांगितला की मुलं हसायची. एका बिस्किटाने एवढं?

त्यानंतर सत्तरेक वर्षांनी, म्हणजे १९६०च्या आसपास, सोलापुरात काय चित्र होतं? मे महिन्याची सुट्टी लागली की आई, काकू आणि शेजारच्या दोघी-तिघी मैदा, पिठीसाखर आणि घरचं तूप डब्यांत भरून आम्हा मुलांना बेकरीवर पाठवायच्या. बेकरीवाले चाचा परातीत तूप-साखर तळहाताने फेसून फेसून पांढरी करायचे, मग मैदा, वेलदोडा. पावाचा घाणा निघाला की त्याच भट्टीत आमचे पत्रे जात. प्रत्येक पत्र्यावर घराच्या नावाची चिठ्ठी. आम्हाला तिथे बसवायचं कारण एकच, घरचं तूप बदललं जाऊ नये! (कधीच बदललं गेलं नाही. उलट तुटलेल्या नानकटाया चाचा आमच्या हातावर ठेवत.) आमची सोवळ्यातली आजी ती नानकटाई खात नसे, पण डबा मात्र स्वतः मोजून कडीकुलपात ठेवायची. ज्या घरांनी बिस्किटासाठी प्रायश्चित्तं मागितली असती, त्याच घरांतल्या सुनांनी कसलाही वाद न घालता, सभा न भरवता, सुट्टीतल्या पोरांच्या हातून डबे पाठवून तो प्रश्न मिटवून टाकला. हे कुठल्याच पाठ्यपुस्तकात आलं नाही.

मग डालडा आला, म्हणजे आलेला होताच १९३७ पासून. महागाईत तुपाची जागा त्याने घेतली आणि नानकटाई आणखी खुसखुशीत झाली. डालड्याच्या रिकाम्या डब्यात तुळस लागली. आता सूनबाई बडोद्याची. ती मैद्यात बेसन आणि रवा घालते, वर जायफळ किसते, आणि घरच्या ओव्हनमध्ये भाजते. पहिल्यांदा केली तेव्हा माझ्या तोंडून निघालंच, 'आमच्याकडे बेसन नाही घालत.' ती नुसती हसली. आज नात मैत्रिणींना सांगते, 'आमच्या घरची नानकटाई बेसनाचीच असते.' बघा, वीस-पंचवीस वर्षांत 'आमच्या घरची' झालीसुद्धा.

शाळेत माझ्याबरोबर गोव्याच्या एक ख्रिस्ती बाई होत्या, गणित शिकवायच्या. नाताळात त्या डबा आणत. त्यात 'नेवऱ्या' असायच्या, म्हणजे आपल्या करंज्याच, मुरड घातलेल्या. गोव्यात १५६० ते १८१२ या काळात इन्क्विझिशन होतं. १७३६ सालच्या हुकमाने तर ख्रिस्ती झालेल्यांच्या घरातल्या खाण्यापिण्याच्या, पोशाखाच्या हिंदू चालींवर बंदी आणली. देव बदलले, नावं बदलली, आडनावं बदलली. करंजीची मुरड राहिली. आपल्याकडे गौरीच्या विसर्जनाला मुरडीचे कानवले करतात, तिने पुन्हा माघारी मुरडावं म्हणून. नेवरीच्या कडेची ती नाजूक मुरड पाहून माझ्या मनात आलं, की सत्तेला जे मोडता आलं नाही, ते कुणा आजीने नातीचं बोट धरून शिकवलं असणार.

हे सगळं लिहून का ठेवलं नाही, असं नात विचारते. लिहिलं, पण उशिरा. मराठीतलं पहिलं छापील पाकपुस्तक म्हणून 'सूपशास्त्र' ओळखलं जातं, १८७५ सालचं. लेखक रामचंद्र सखाराम गुप्ते, म्हणजे पुरुष. पुढे १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणी-मित्र' आलं, हजार पाकक्रियांचं. आणि १९७० साली कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा'. वाटी-चमच्याचं माप देऊन त्यांनी आमच्या पिढीच्या नोकरीवाल्या बायकांवर केवढे उपकार केले! त्याआधी घरातल्या वहीत शेर, मापटं, चिपटं. मेट्रिक पद्धत आल्यावर त्या वह्या नव्या सुनांना वाचताच येईनात. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेरांची पायली, हे मीच आता शेवटची सांगणारी. आणि 'अंदाजे' या मापाचं कोष्टक तर कुठल्याच वहीत नाही.

तर गेल्या वर्षी मी एक काम केलं. नवी वही आणली. प्रत्येक पदार्थाची कृती ग्रॅममध्ये लिहिली, आणि कृतीच्या वर तो ज्या बाईने घरात आणला तिचं माहेरचं नाव, माहेरचं आडनाव, गाव, आणि घरात आल्याचं साल. सूनबाईचं सोपं होतं, तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलं. माझं मी लिहिलं, जवळपास ५० वर्षांनी ते नाव लिहिताना हात जरा थबकला. सासूबाईंचं नाव बेळगावच्या त्यांच्या भाच्याने फोनवर सांगितलं. तेही किती गोड नाव! आयुष्यभर त्यांना कुणी त्या नावाने हाक मारली नाही.

आजेसासूबाईंची जागा मात्र कोरी आहे. 'अनारसे', खाली कृती, गाव राजापूरजवळ, साल १९११, आणि नावापुढे रेघ. कुलवृत्तांतात नाही, देवघरातल्या जुन्या कागदांत नाही, आणि त्यांना माहेरच्या नावाने ओळखणारं आता कुणी उरलेलं नाही. हे वाचणाऱ्या आमच्या नातेवाईक मंडळींपैकी कुणाच्या घरी एखादी जुनी लग्नपत्रिका, टिपण, पत्र असेल तर कृपा करून एकदा बघा. रत्नागिरीकडच्या शाखेत असण्याचा संभव जास्त.

आणि बाकीच्या वाचकांना एवढंच सांगते, तुमच्या घरात अजून कुणी सत्तरी-ऐंशीची असेल, तर या दिवाळीत तिला अनारशाचं प्रमाण विचारा, पण त्याआधी तिचं नाव विचारा. प्रमाण पुस्तकात मिळेल.